हाताची एनसीव्ही टेस्ट केली, ५ पैकी साडेतीन स्टार

तीन महिने उजव्या हाताला मुंग्या, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, करंगळीला मात्र काही नाही. रात्री उठून हात झटकायचा मग जरा बरं वाटायचं. मी ब्लाऊज शिवते, कात्री दिवसभर हातात. डॉक्टर म्हणाले एनसीव्ही करून आणा (नसेला, म्हणजे मज्जातंतूला, हलका करंट देऊन त्यातून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजतात), म्हणून घराजवळच्या एका सेंटरला गेले, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

अपॉइंटमेंट ११ ची, आत घेतलं पावणेएकला, तोवर फुल्ल एसीत बसवलं. टेक्निशियन पोराने हात धरला आणि म्हणाला, "काकू, हात बर्फ झालेत, असे घेतले तर रीडिंग चुकेल." हात गार असला की नसेतून सिग्नल हळू जातो म्हणे, धडधाकट माणसाची नस पण आजारी दिसते. मग गरम पाण्याची पिशवी, दहा मिनिटं. अरे मग बाहेर एवढा एसी कशाला!

करंटला घाबरू नका. मनगटावर टिचकी मारल्यासारखं होतं आणि अंगठा उडतो, आपण हलवत नसताना! नंतर कोपरात तसाच झटका (हा जरा लागतो), मग पेनाने खुणा करून टेपने अंतर घेतलं, आमच्या मापाच्या टेपसारखीच टेप. २१ सेंटीमीटर भरलं. कोपरापासून मनगटापर्यंत यायला सिग्नलला ४ मिलिसेकंद, म्हणजे ताशी जवळपास १९० किलोमीटर, हे नॉर्मल. पण मनगटातून पुढे अंगठ्याकडे जाताना गाडी रखडते. तिथे नस दाबली गेलीय, वायरवर असतं तसं नसेवर मायलिनचं कव्हर असतं, ते दाबाने खराब झालं की सिग्नल मंदावतो. आणि मला माहीतच नव्हतं, नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते, तिथे नस अॅसिटिलकोलीन नावाचं केमिकल सोडते आणि ते पोचलं की स्नायू हलतो. पोराने सगळं स्क्रीनवर दाखवत सांगितलं, कंटाळला नाही. त्याचेच तीन स्टार.

घरी लेकाला सांगितलं तर तो म्हणे असंच दोन जागी झटका देऊन वेळेतला फरक हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर मोजला होता. बिचारा बेडूक.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, नुसते आकडे आणि रेघा, समजावणारं कोणी नाही, वर उजव्याच्या जागी डावा हात टाईप केलेला! दुरुस्तीला परत हेलपाटा, काउंटरवरच्या बाईंनी साधं सॉरी पण नाही. रिपोर्ट तिथेच उभं राहून वाचा.

जाताना बांगड्या-अंगठ्या घरी ठेवा, हाताला क्रीम लावू नका, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आणि स्वेटर न्या.