फोर्ट नॉक्स कंपनीची पिस्तूल-पेटी आणि तिला जखडणारे चार बोल्ट

पेटी उत्तम आहे, पण आधी बोल्टांबद्दल लिहिते. 10 किलोची पेटी कितीही जाड पत्र्याची असली तरी घरफोड्या ती काखोटीला मारून नेतो आणि मग सावकाश ग्राइंडरने कापत बसतो. आपल्या ओळखीतल्या घरांत मी अशा पेट्या नाइटस्टँडच्या खणात नुसत्या ठेवलेल्या पाहिल्यात. चोर सगळ्यात आधी बेडरूमच उचकतो. पेटी आणली पण जखडली नाही, तर अर्धंच काम झालं.

आम्ही टेक्सासात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीला राहतो. पिस्तूल नवऱ्याचं, मी नर्स, महिन्यातल्या बऱ्याच रात्री हॉस्पिटलात. घरात दोन मुलं. गणपतीत तर घर पोरांनी भरून जातं. आरतीला मोठे सगळे हॉलमध्ये आणि पोरांची लपाछपी थेट आमच्या क्लोजेटात, म्हणजे कपड्यांच्या कोठीत. टेक्सासच्या पीनल कोडचं कलम 46.13 सांगतं, की तुम्ही भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलंत आणि ते 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर गुन्हेगार तुम्ही. चेंबर, म्हणजे गोळी उडायची जागा, रिकामं आहे म्हणून सुटका नाही, मॅगझिन (गोळ्यांची डबी) भरून लावलेलं असेल तर हत्यार भरलेलंच धरतात. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. इमर्जन्सीत गोळी लागलेलं पोर येतं तेव्हा आईबापांचे चेहरे मी पाहिलेत.

आधी आमच्याकडे बोटाच्या ठशाने उघडणारी एक पेटी होती. कंपनीचं नाव घेत नाही. दिवसभर सॅनिटायझर चोळून माझी बोटं कोरडी पडतात, त्यामुळे ती माझा ठसा वाचायचीच नाही. पण मला खरी भीती उलटी होती. 2023 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या सुमारे 61,000 ठसा-पेट्या परत मागवल्या, कारण त्या परक्या बोटानेही उघडू शकत होत्या. अशाच एका पेटीतून मिळालेल्या हत्याराने 12 वर्षांचा मुलगा गेला, असा दावा कोर्टात दाखल झाला होता. ती बातमी वाचली त्याच आठवड्यात आम्ही फोर्ट नॉक्सची पेटी मागवली. टेक्सासात 2021 च्या सप्टेंबरपासून हत्यार सुरक्षित ठेवायच्या साधनांवर सेल्स टॅक्स लागत नाही, तेवढे पैसे वाचले.

ही पेटी सगळी यांत्रिक आहे. बॅटरी नाही, ठसा नाही, पाच बटणांचं सिम्प्लेक्स कुलूप. प्रत्येक बटण एकदाच वापरायचं, पण दोन-तीन बटणं एकदम दाबता येतात, त्यामुळे एकूण 1,082 कोड होतात. आकडा फार मोठा नाही. चिवट पोर निवांत बसलं तर प्रयत्न करत राहील, म्हणून एकाच बटणाचा सोपा कोड लावू नका. आणि या कुलुपाचा कारखान्यातला कोड, म्हणजे 2 आणि 4 एकत्र, मग 3, साऱ्या जगाला ठाऊक आहे. तो पहिल्याच दिवशी बदला. अंधारात बटणं बोटांना नीट कळतात. कोड दाबायचा, मूठ फिरवायची, की आतला गॅसचा दांडा झाकण आपोआप वर उचलतो. पेटीच्या अंगाचा पत्रा 10 गेजचा, म्हणजे जवळपास साडेतीन मिलिमीटर, आणि झाकण पावणेपाच मिलिमीटरच्या पोलादी प्लेटचं. स्वस्तातल्या पेट्यांचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर असतो, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने तो उचकटता येतो.

आता जागा. पहिला विचार जमिनीला बोल्ट मारण्याचा होता, आणि टेक्सासात तो डोळे झाकून करायचा नाही. इथल्या कितीतरी घरांच्या पायाचा स्लॅब पोस्ट-टेन्शन असतो, म्हणजे काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी केबल. ड्रिल त्यावर गेलं तर केबल तुटून जीवघेणा झटका बसू शकतो, घराचा पायाही दुखावतो. आमच्या गराजच्या फरशीवर तसा इशारा उमटवलेलाच आहे. तुम्हीही आधी तिथे जाऊन वाचा.

भिंतीत नुसतं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड, अर्ध्या इंचाचा, तो काही धरत नाही. धरतात ते मागचे लाकडी स्टड, म्हणजे उभे वासे, दर 16 इंचांवर. पेटीची रुंदी साडेबारा इंच, म्हणजे ती एकटी दोन स्टडना पोचत नाही. तेव्हा आम्ही क्लोजेटातला दोन फुटी कोनाडा धरला. तिन्ही भिंतींना 2 बाय 4 च्या लाकडी पट्ट्या लॅग स्क्रूने (जाड, लांब स्क्रू) थेट स्टडमध्ये आवळल्या, त्यांवर पाऊण इंची प्लायवूडची फळी, आणि फळीवर पेटी. लॅग स्क्रूंसाठी आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर लाकूड चिरतं.

आमच्या कामवाल्या मिस्त्रीने सुचवलेली गोष्ट मला फार पटली. बोल्ट साधे षटकोनी घेऊ नका, कॅरेज बोल्ट घ्या. त्यांचं गोल, गुळगुळीत डोकं फळीच्या खाली राहतं, डोक्याखालचा चौकोनी भाग प्लायवूडमध्ये रुततो, आणि नट-वॉशर पेटीच्या आत. चोर फळीखाली वाकला तरी पान्याला पकडायला काही सापडत नाही, आणि नट सोडवायचा तर आधी पेटी उघडायला हवी. झाकण वर उघडतं, म्हणून वर मोकळी जागा राखली. उंची कमरेएवढी ठेवली, झोपेतून उठून वाकावं लागत नाही.

पेटी आडवी भिंतीला ठोकून झाकण बाजूला उघडेल असंही काही जण करतात. मला ते मान्य नाही, उघडताच पिस्तूल हातात नाही तर पायावर येईल.

पेटीत दिवा नाही, मी वरच्या शेल्फखाली सेन्सरवाला छोटा दिवा चिकटवलाय. जागा दोन पिस्तुलं किंवा एक पिस्तूल आणि मॅगझिनं इतकी. कोड नवऱ्याला आणि मला, तिसऱ्या कोणाला नाही. सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या, त्यांनाही नाही, आणि त्यांनीच म्हटलं, "मला सांगूच नकोस गं, नातवंडं माझ्याकडून काहीही काढून घेतात."

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीला हात लावता येत नसेल, तर पेटी पोलादी केबलने पलंगाच्या लोखंडी फ्रेमला बांधा. कटर घेऊन आलेल्या चोराला ती थांबवणार नाही, पण पेटी पोरांच्या हाती लागून दुसऱ्या खोलीत जाणार नाही. आणि पेटी घेईपर्यंत निदान पिस्तुलातून ओवायचं केबलचं कुलूप तरी लावा. प्रोजेक्ट चाइल्डसेफ या हत्यार-सुरक्षा उपक्रमामार्फत पोलिस ठाण्यांतून ती कुलपं फुकट मिळतात, आपल्या ठाण्यात फोन करून विचारा.