घरच्या वर्कशॉपसाठी साधं आर्क (रॉडचं) वेल्डिंग मशीन की मिग (वायरचं)?

मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजारात गेलात की दुकानदार पहिलं मिगच दाखवतो, वायर आपोआप येते, खपली (वेल्डवर जमणारा कडक थर) झाडायची झंझट नाही वगैरे, आणि ते खरंही आहे. १.२ एमएमचा चौकोनी पाइप आर्कने जोडताना हात जरा रेंगाळला की भोक पडलंच समजा, मिगवर ०.८ एमएमची वायर लावून नवीन माणूसही बरी लाइन मारतो.

पण मिगला वेल्ड हवेपासून झाकायला गॅस लागतो, त्याचं काय? सीओटूचा सिलेंडर जिन्यातून चढवायचा, भरून आणायचा, आणि उघड्या गच्चीवर काम असेल तर वारा गॅस उडवून लावतो, मग वेल्डमध्ये नुसती छिद्रं. गॅसलेस वायर मिळते म्हणा, पण तिला पोलॅरिटी (मशीनचं प्लस-मायनस) उलटी करावी लागते, धूर जास्त आणि खपली परत आलीच 😅

आर्कचं छोटं इन्व्हर्टर खांद्याला अडकवून कुठेही न्या. २.५ एमएमची ६०१३ (साध्या लोखंडाची नेहमीची) रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालते, १६ अँपिअरचा सॉकेट आणि वायरिंग धड असलं की झालं. फक्त पावसाळ्यात रॉड हवाबंद डब्यात ठेवा, आपल्याकडच्या दमटपणात त्या सादळतात.

ग्रिल, स्टँड, गेटची दुरुस्ती एवढंच असेल तर माझं मत आर्कलाच. रोज पातळ पत्रा आणि बंद गाळा असेल तरच मिग घ्या. कापायला दोन्हीकडे ४ इंची ग्राइंडर पुरतो, १४ इंची कटरचा आवाज सोसायटीवाले नाही हो सहन करणार.