कार्ड निपाणीचं ठेवायचं की कागलला न्यायचं?

आमचं निपाणी कर्नाटकात, सीमेपलीकडचं कागल महाराष्ट्रात. शेजारच्या वैनींचे मालक कागल एमआयडीसीत लागलेत. "भावजी, रेशनकार्ड इथलंच ठेवू की महाराष्ट्राचं काढू?" हा त्यांचा घोर.

पैशात इकडचं पारडं जड. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला २००० रुपये, तिकडे महाराष्ट्राच्या लाडकी बहीणचे १५००. हप्ते दोन्हीकडे रखडतात, तो भाग वेगळा.

खरी मेख कागदांत आहे. लाडकी बहीणला महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, नाहीतर १५ वर्षांपूर्वीचं तिथलं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, किंवा तिथलाच जन्मदाखला. परराज्यात जन्मलेल्या बाईला नवऱ्याचे कागद चालतात, पण नवरा तिकडचा हवा. वैनींचे मालकही निपाणीचेच, म्हणजे तीही वाट बंद. "सीमेवरची माणसं दोन्हीकडचं खातात" म्हणणाऱ्यांनी हे फॉर्म एकदा भरून बघावेत.

धान्यासाठी कार्ड हलवायची गरजच नाही. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे अंगठा लावून केंद्राचं धान्य कागलच्या दुकानातही मिळतं. कर्नाटक सरकार स्वतःचं जादा जे देतं ते मात्र इथंच.

बसचं सोपं आहे: सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे सरकारी बसमध्ये बायकांना फुकट, पलीकडे निम्मं तिकीट. दवाखान्याचं म्हणाल तर महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू केली आहे.

रोज किंवा आठवड्याला घरी येणाऱ्यांनी कार्ड इथंच ठेवावं, वैनींनीही. पोरांची शाळा तिकडे, घर तिकडे, परतायचा विचार नाही, त्यांनी मात्र इथलं नाव कमी करून आत्ताच तिकडं कार्डासाठी अर्ज द्यावा. अधिवासाची वर्षं लवकर मोजायला लागलेली बरी.