एमएम 540 ला मोठं इंजिन: डीआय, स्कॉर्पिओचं, की जुनंच बांधायचं?

जुन्या महिंद्रा एमएम 540 जीपमधलं 2112 सीसीचं प्यूजो इंजिन थकलं, की मालकाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. सकाळी हीटर देऊनही चार सेल्फ, मागे निळा धूर, घाटात दुसऱ्या गिअरवर रांगणं. मिस्त्री म्हणतो, "बोलेरोचं डीआय टाकू, नाहीतर सरळ स्कॉर्पिओचं." आधी तुमची जीप नेमकी अडते कुठं ते बघा.

पेरणीच्या दिवसांत काळ्या वावरात ती अडते ती जोर कमी पडून नव्हे. टायरच्या खाचा भरतात, चाक भोपळ्यासारखं गुळगुळीत होतं आणि मडगार्डात माती इतकी ठासते की खुरप्यानं उकरून काढावी लागते. तिथं शंभर अश्वशक्ती असली तरी चाक जागेवरच फिरणार आणि खड्डा खोल होणार. चांगले टायर आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना ओढ देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये) दमानं चालणारा पाय, एवढंच कामाला येतं. माल भरून बीडहून मांजरसुंब्याचा घाट रोज चढायचा असेल, तर मात्र मोठ्या इंजिनाचा विचार रास्त.

डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन डिझेल, 2523 सीसीचं, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. बोलेरोतल्या टर्बो डीआयची ताकद साधारण 63 अश्वशक्ती, प्यूजोची 62. मग फरक कुठं? टॉर्कमध्ये, म्हणजे ओढीत. प्यूजोचा सुमारे 120 न्यूटन मीटर, टर्बो डीआयचा 180, तोही मिनिटाला दीड हजारांच्या आसपास फेऱ्यांवर. क्लच सोडला की जीप ओढायला लागते, ॲक्सिलरेटर दाबत बसावं लागत नाही. पण 3200 फेऱ्यांशी त्याचा दम संपतो, त्यामुळे क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकं) तेच ठेवलं तर हायवेवर जीप कण्हायला लागते. आवाज आणि थरथर तर विचारूच नका. फायदा हा, की याचा मिस्त्री आणि पार्ट तालुक्यालाही मिळतो.

स्कॉर्पिओचं 2609 सीसी टर्बो 2002 साली आलं तेव्हाच सुमारे 109 अश्वशक्तीचं होतं. चालवायला मजा, खोटं कशाला बोलू! पण इंजिन एकटं येत नाही. इंजिन बसवायचं फाउंडेशन नव्यानं वेल्ड करायचं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग जुळवायचं. त्याचाच गिअरबॉक्स घेतला तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस सरकते आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. साठ अश्वशक्तीसाठी केलेले एक्सल आणि ब्रेक तेच राहिले, तर जीप पळेल, पण थांबेल का? नंतरचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन घेतलं तर ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंग असा सगळा गोतावळा मागे येतो. आमच्या एका पाहुण्यांनी सगळं केलं, रेडिएटर तेवढा जुना ठेवला. मे महिन्यात घाटाच्या मध्यावर काटा लालमध्ये गेला, बॉनेट उघडून सगळे रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसले. आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत रेडिएटर हा खर्चाच्या यादीत पहिला हवा.

राहिला कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीवरची माहिती कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बसवणं वेगळं. डीआय महिंद्राचंच असलं, तरी सीसी आणि प्रकार दोन्ही बदलतात. वरून अपघात झाला की विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघते. पंधरा वर्षं उलटलेल्या जीपची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हाही हाच नंबर तपासला जातो.

म्हणून माझं मत: जीप रस्त्यावर न्यायची असेल, तर प्यूजोच बांधून घ्या. बोअर, रिंग-पिस्टन, बेअरिंग, नोझल आणि पंप, सगळं एकदम; अर्धवट काम करून पैसे घालवू नका. उरलेल्यात टायर. स्कॉर्पिओचं इंजिन फक्त स्वतःच्या जागेत खेळायच्या जीपला.

आणि काही ठरवण्याआधी ब्लॉकवरचा नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून आरसीशी ताडून बघा. इतक्या जुन्या जीपमध्ये आधीच्या मालकानं इंजिन बदलून ठेवलेलं असू शकतं.