घटवक्राचे सॉफ्टवेअर: निदान चोख, अंदाज मात्र तपासून घ्यावा

टाइट गॅस रिझर्व्हॉयरमधील, म्हणजे गॅस सहज वाहू न देणाऱ्या घट्ट खडकातील, फ्रॅक्चर केलेल्या (दाबाने खडकात भेगा पाडलेल्या) विहिरींचे उत्पादन कसे घटत जाईल, याचा अंदाज बांधणारे एक सॉफ्टवेअर आमच्या गटात नियमित वापरात आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे आलेले प्रश्न या प्रकारच्या कोणत्याही सॉफ्टवेअरची खरेदी करण्यापूर्वी विचारण्याजोगे आहेत.

मुळात अडचण अशी, की आर्प्स यांनी १९४५ मध्ये मांडलेले घटसमीकरण (उत्पादनदर काळानुसार कसा घटतो याचे सूत्र) ज्या परिस्थितीत भरवशाचे ठरते, ती परिस्थिती या विहिरींत फार उशिरा येते. पारगम्यता (खडकाची गॅस वाहू देण्याची क्षमता) ०.१ मिलिडार्सीपेक्षाही कमी असल्यामुळे गॅस फ्रॅक्चरच्या पृष्ठभागाकडे दीर्घकाळ रेषीय प्रवाहाने (सरळ समांतर रेषांत) येत राहतो आणि निचराक्षेत्राची (विहिरीला गॅस पुरवणाऱ्या भागाची) सीमा कित्येक वर्षे जाणवतच नाही. सीमा जाणवू लागल्यानंतर आर्प्सचा 'बी' घातांक (घटीचा वेग कसा मंदावतो ते ठरवणारा आकडा) ० ते १ च्या दरम्यान राहतो. रेषीय प्रवाहात मात्र तो २ च्या आसपास निघतो, आणि १ किंवा त्याहून मोठा 'बी' तसाच पुढे नेला तर एकूण उत्पादनाला अंतच उरत नाही.

या दृष्टीने सॉफ्टवेअरचा निदानाचा भाग खरोखर चांगला आहे. उत्पादनदराला दाबाच्या फरकाने भागून तो लॉग-लॉग आलेखावर मांडला जातो आणि त्यावर उणे अर्ध्या उताराची रेषा सरकवून रेषीय प्रवाह कुठपर्यंत टिकला, हे डोळ्यांनी पडताळता येते. विहीर काही दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर दर तात्पुरता उसळतो. असे बिंदू सॉफ्टवेअर पुसून न टाकता करड्या रंगात ठेवते, त्यामुळे कोणता बिंदू कोणी आणि का वगळला, यावर नंतर चर्चा होऊ शकते. काळाच्या वर्गमुळाचा आलेखही प्रामाणिक आहे. त्याच्या उतारातून फ्रॅक्चरचे क्षेत्रफळ आणि पारगम्यतेचे वर्गमूळ यांचा फक्त गुणाकार मिळतो, आणि पारगम्यता दुसऱ्या मार्गाने मोजून भरल्याशिवाय हे सॉफ्टवेअर क्षेत्रफळाचा आकडा दाखवत नाही. हा संयम मला विशेष आवडला.

स्वयंचलित वक्रजुळणीत मात्र हा संयम दिसत नाही. एक बटण दाबले की २ च्या जवळचा 'बी' घेऊन वक्र बिंदूंवरून सुरेख जातो आणि तोच पुढे ३० वर्षे ओढला जातो. अंतिम घटदराची मर्यादा (ज्या घटदरापासून पुढे घट स्थिर टक्केवारीने, म्हणजे घातांकी, धरायची तो आकडा) आपण होऊन शोधून भरावी लागते. या मर्यादेचे वजन किती, हे साध्या हिशेबाने कळते. शुद्ध रेषीय प्रवाहात तात्कालिक घटदर पाचव्या वर्षाच्या अखेरीस वार्षिक १० टक्के आणि दहाव्या वर्षाच्या अखेरीस ५ टक्के असतो. १० टक्क्यांना घातांकी घट सुरू केली तर ३० वर्षांचे जे एकूण उत्पादन येते, त्यापेक्षा ५ टक्क्यांची मर्यादा सुमारे २० टक्के जास्त आणि मर्यादा नसलेला वक्र सुमारे २८ टक्के जास्त उत्पादन दाखवतो. म्हणजे मर्यादेच्या चौकटीत भरलेला आकडा हे सीमा कधी लागेल याविषयीचे विधान असते, आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदींवर केलेली कोणतीही जुळणी त्याला आधार देत नाही.

आर्प्सला पर्याय म्हणून वाल्को यांचे ताणलेल्या घातांकाचे आणि २०११ मधील डुओंग यांचे अशी घटीची दोन्ही प्रारूपे दिलेली आहेत. डुओंगची जुळणी सुरुवातीच्या काळात छान बसते, पण सीमा लागल्यानंतर ती अंदाज फुगवते आणि तिला मर्यादा लावण्याची सोय येथे नाही. अंदाज किती वर-खाली होऊ शकतो हे दाखवणारा संभाव्यतेचा पट्टाही फसवा आहे, कारण तो केवळ बिंदूंच्या विखुरण्यावरून काढलेला असतो. प्रारूपच चुकीचे असण्याची शक्यता त्यात धरलेली नाही.

आणखी एक उणीव प्रत्यक्ष कामात बोचते. दर कमी झाल्यावर विहिरीत द्रव साचू लागला तर उत्पादन झपाट्याने पडते, आणि लॉग-लॉग आलेखावर ते थेट सीमेचा परिणाम असल्यासारखे दिसते. टर्नर यांचा १९६९ पासून प्रचलित असलेला क्रांतिक वेगाचा (द्रव वर वाहून नेण्यासाठी गॅसला लागणाऱ्या किमान वेगाचा) निकष त्याच आलेखावर एका रेषेने दाखवता आला असता; सध्या तो हिशेब वेगळा करावा लागतो.

वेलहेड (विहिरीच्या तोंडाशी मोजलेल्या) दाबाच्या नियमित नोंदी ठेवणाऱ्या गटाने निदानाच्या भागासाठी हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. केवळ मासिक उत्पादनाचे आकडे हाती असतील, तर त्यातील उत्तम भाग निरुपयोगी ठरतो. छापील अहवालात एकूण उत्पादन दशांशापर्यंत येते, पण कोणती मर्यादा धरली आणि ती कोणत्या वर्षी लागू झाली, याचा उल्लेख नसतो. तो आम्ही प्रत्येक अहवालात हाताने जोडतो.