गाओकाओचं इंग्रजी: कागदावरचा पेपर बरा की ग्वांगडाँगची कॉम्प्युटर टेस्ट?

चीनमधे बारावीनंतरच्या गाओकाओत, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत, इंग्रजीला 150 मार्क. नेहमीच्या पेपरमधे ऐकणं, उतारे, गाळलेल्या जागा, लेखन सगळं येतं, पण तोंड उघडावं लागत नाही. तरी नव्या पॅटर्नमधला 25 मार्कांचा प्रश्न मला खरंच आवडतो, अर्धवट गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं देतात आणि बाकी साधारण 150 शब्दांत पोरांनी लिहायचं, इथे नुसती घोकंपट्टी चालत नाही.

ग्वांगडाँग प्रांतात मात्र 20 मार्क ऐकण्या-बोलण्याचे, हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर. आधी व्हिडिओतल्या आवाजासारखं वाचायचं, मग चिनीत दिलेले तीन प्रश्न इंग्रजीत विचारायचे, पाचांची उत्तरं द्यायची, शेवटी ऐकलेली गोष्ट सांगायची. आता यात समोर माणूस नसतो हे खरंय, पण जे पेपरात येतं तेच वर्गात शिकवतात ना, म्हणून बोलण्याला थोडे का होईना मार्क हवेतच. शांघायमधे तर जेमतेम 10 आहेत.

गावाकडच्या शाळेत हेडफोन आणि सरावाला कॉम्प्युटर नसेल तर मात्र ही टेस्ट त्या पोरांवर अन्याय करते, तिथे आधी सोय करा मगच मार्क धरा. सोय असेल तर मी ग्वांगडाँगच्याच बाजूने, फक्त लेखनाचा तो गोष्टीवाला प्रश्न काढू नका.