फ्लोरेन्सचा ‘खात्रीचा’ गाईड आणि रिदोत्तो तिकिटं : ७४,१५६ रुपये कसे गेले

२२ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. फ्लोरेन्समध्ये एका दिवसात आमचे ७४,१५६ रुपये बुडाले. आकडा पुरता लिहिते आहे, कारण ‘सत्तरेक हजार’ म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढे जातात. ४४० युरो आधीच बँकेतून पाठवले होते : ९२.४० च्या दराने ४०,६५६ रुपये, वर बँकेचे १,१८०. तिथे ६० युरो रोख दिले, ते ५,५८० रुपये. आणि २८० युरोंची चामड्याची बॅग, जी कार्डावर सगळे आकार धरून २६,७४० रुपयांना पडली.

खासगी गाईडच्या नावाखाली काय चालतं ते तुम्हा सगळ्यांना ढोबळमानाने माहीत असतं. आम्हालाही होतं. तरी फसलो.

प्रवासाच्या एका ग्रुपवर या गाईडचा नंबर आला होता. स्थानिक माणूस, लायसन्सवाला, इंग्रजी उत्तम, खात्रीचा. साडेतीन तासांचे १४० युरो आणि उफिझी व अकादेमिया या दोन्ही संग्रहालयांची ‘रांग नसलेली’ तिकिटं माणशी ७५ युरो. आम्ही चौघं, म्हणजे तिकिटांचे ३०० आणि त्याचे १४०. आम्ही आंधळेपणाने पैसे दिले नव्हते, हेही सांगते. अकादेमियाच्या अधिकृत साइटवर त्या दिवसाचे सकाळचे सगळे स्लॉट खरोखरच संपलेले दिसत होते, आणि सासूबाईंचे गुडघे दोन तास उभं राहण्याच्या स्थितीत नव्हते. रांग टाळायला थोडे जास्त मोजायची आमची तयारी होती. अशा तयारीवरच हा धंदा चालतो.

हिशोब बघा. तेव्हा उफिझीचं पूर्ण तिकीट २५ युरो, आरक्षणाचे ४. अकादेमियाचं १६, आरक्षणाचे ४. दोन्ही मिळून माणशी ४९. तो ७५ मागत होता आणि वरचे २६ ‘रांग टाळण्याचे’ म्हणत होता. रांग टाळण्याची किंमत त्या ४ युरोंच्या आरक्षणातच असते! आरक्षण असलं की उफिझीत दार क्रमांक १ मधून वेळेवर आत जाता येतं. आरक्षण नसेल तर दार क्रमांक २ च्या रांगेत उभं राहून तिकीट काढावं लागतं. आधी आरक्षण करून तिकीट हाती घ्यायचं असेल तर ते दार क्रमांक ३ वर मिळतं. यापलीकडे ‘खास’ दार नाही. कुणी सांगितलं तर तिथेच संभाषण संपवा.

आता तो क्षण. १४ ऑक्टोबरच्या रात्री त्याने व्हॉट्सअॅपवर आठ चित्रं पाठवली. पीडीएफ नाही, स्क्रीनशॉट. क्यूआर, तारीख, वेळ, एवढंच. खालचा भाग कापलेला. पण उफिझीच्या चारपैकी एक चित्र त्याने नीट कापलं नव्हतं, आणि क्यूआरच्या खाली बारीक अक्षरांत एक शब्द राहून गेला होता : रिदोत्तो.

तो शब्द आम्ही वाचला. मोठ्याने वाचला. नवरा म्हणाला, स्लॉटचं नाव असेल. मी मान डोलावली. दोघांच्याही फोनमध्ये भाषांतराचं अॅप होतं. इटलीला निघायच्या आधी मेन्यूकार्ड वाचायला म्हणून मुद्दाम टाकलेलं. दहा सेकंदांचं काम होतं, आणि निघायला अजून दिवस होते. तेव्हा विचारलं असतं तर निदान ६० आणि २८० युरो वाचले असते, आणि कदाचित तो घाबरून काहीतरी परतही देता. बाकी सगळ्याला काही ना काही कारण देता येतं, याला नाही. हातात पुरावा होता आणि आम्ही तो जपून गॅलरीत सेव्ह केला.

इंतेरो म्हणजे पूर्ण दराचं तिकीट. रिदोत्तो म्हणजे सवलतीचं. ग्रातुइतो म्हणजे फुकट. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असतो, कुठल्याही देशाचे असोत. १८ ते २५ वयाच्या युरोपियन युनियनच्या नागरिकांना २ युरो. आमची वयं ३४, ३७, ६१ आणि ६६. पासपोर्ट भारतीय. त्याने आमच्यासाठी प्रत्येकी २ अधिक ४ अशी सहा-सहा युरोंची आठ तिकिटं घेतली होती. एकूण ४८ युरो. आमच्याकडून घेतले ३००. म्हणजे २५२ युरो निव्वळ तिकिटांत खाल्ले.

यातली खरी मेख अशी की तिकिटं बनावट नव्हती. क्यूआर अस्सल होता, म्हणून यंत्राने तो नाकारला नाही. पडद्यावर सवलतीचा प्रकार दिसला आणि दारावरच्या बाईंनी पासपोर्ट मागितले. त्या नम्रपणे बोलल्या, पण आत सोडणं शक्यच नव्हतं. ‘क्यूआर चालतोय ना, मग तिकीट चालतंय’ हा समज सोडून द्या. पूर्ण पीडीएफ मागा. त्यावर प्रकार आणि किंमत छापलेली असते. किंमत झाकून तिकीट पाठवणारा माणूस ती कशासाठी झाकतो, याचा विचार करा.

त्या वेळी तो आमच्याजवळ नव्हता. ‘आत गाईडला बोलायची परवानगी नसते, तुम्ही पाहून या, मी बाहेरच्या दाराशी भेटतो’ असं सांगून पाच मिनिटं आधी सटकला होता. हे धादांत खोटं आहे. परवानाधारक गाईड आत येतात, चित्रासमोर उभं राहून बोलतात, गटाला कानात लावायचे रेडिओही देतात. आत येत नाही तो विनापरवाना, कारण आत बिल्ला विचारला जातो. फोन लावला, बंद. दार क्रमांक २ च्या रांगेत एक तास पन्नास मिनिटं उभं राहून १०० युरोंची नवी तिकिटं काढली. हे १०० मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत, कारण त्या बदल्यात बोत्तिचेल्लीची चित्रं तरी पाहायला मिळाली. अकादेमिया राहून गेलं. सासूबाईंना मायकेलअँजेलोचा पाच मीटर उंचीचा तो डेव्हिडचा पुतळा पाहायचा होता. ते दुपारचं ऊन आणि ती रांग सोसल्यावर कुणाच्यात त्राण उरलं नव्हतं.

सकाळपासूनच्या खुणा आता एकेक आठवतात आणि संताप येतो. सव्वानऊला कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्तरीपाशी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीपाशी भेटलो. पूर्वेकडच्या सोनेरी दारांसमोर उभं राहून तो म्हणाला, ही गिबेर्तीने घडवलेली मूळ दारं, सहाशे वर्षं इथेच आहेत. मूळ दारं १९९० मध्ये तिथून काढली. ती आता कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत आणि बाहेर प्रतिकृती आहे. सिन्योरियाच्या चौकातल्या डेव्हिडलाही त्याने मूळ म्हटलं. मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादेमियात हलवला आणि चौकातली प्रत १९१० मध्ये बसवली. त्या शहरात परीक्षा देऊन गाईड झालेला माणूस या दोन गोष्टी चुकूच शकत नाही. हे प्रश्न लिहून ठेवा आणि पैसे देण्याआधी फोनवर सहज विचारा.

कॅथेड्रलचं तर सरळ लुटणं होतं. ‘प्राधान्य प्रवेश’ म्हणून माणशी १५ युरो रोख, ‘आतल्या माणसाला द्यायचे आहेत’. ६० युरो घेऊन तो कोपऱ्यावरून एक चक्कर मारून आला आणि आम्हाला सर्वांच्याच रांगेत उभं केलं. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत! पैसे पडतात ते ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला. त्याचा पास तेव्हा ३० युरोंचा होता. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

मग सान्ता क्रोचे चर्चच्या मागच्या गल्लीतलं चामड्याचं दुकान. ‘माझ्या मित्राचं आहे, तुमच्यासाठी निम्म्या भावात.’ ५६० चा फलक, २८० ला बॅग. गाईड स्वतःहून दुकानात नेतो तेव्हा त्याची दलाली तुमच्याच किमतीत असते, हे आपण जयपूर-आग्र्यात पाठ केलेलं असतं. परदेशात तेच विसरतो. पुण्यात बॅगा दुरुस्त करणाऱ्याने अस्तर उसवून दाखवलं : आत चामड्याचा खालचा पातळ थर आणि त्यावर प्लॅस्टिकचा लेप. घेताना कापलेली कडा बघा. अस्सल चामड्याची कड तंतूंची, खडबडीत दिसते. रंगाच्या थराने गुळगुळीत केलेली कड दिसली की प्रश्न विचारा. दुकानाने छापील पावती दिली नाही, नुसती कार्डाची स्लिप दिली. पावती नाही म्हणून करपरताव्याचा कागदही नाही. एका दुकानातली खरेदी ७० युरोंवर गेली की युरोपियन युनियनबाहेरच्या पर्यटकाला तो कागद मागता येतो, आणि युनियन सोडताना विमानतळावर कस्टमकडून तो पक्का करून घ्यायचा असतो. कागद द्यायला टाळाटाळ करणारं दुकान सोडा. आणि पोन्ते वेक्कियो या सराफांच्या जुन्या पुलावर सोनं घ्यायचं असेल तर ७५० चा आकडा बघा. ते १८ कॅरट असतं, आपलं ९१६ नव्हे. शेजारी चांदणी, क्रमांक आणि जिल्ह्याची अक्षरं असा उत्पादकाचा शिक्काही असायला हवा.

आता पैसे पाठवण्याबद्दल. त्याचा खातेक्रमांक ‘एलटी’ अक्षरांनी सुरू होत होता. इटलीतल्या बँकेचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, ‘आयटी’ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. एलटी म्हणजे लिथुआनिया. अॅपवरच्या बँकांमुळे प्रामाणिक लोकांचीही अशी खाती असतात, म्हणून तेवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. पण तिथे थांबून पावतीवर त्याचा ११ आकडी करक्रमांक मागायला हवा होता. परवानाधारक गाईड तो देतो. कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा अर्ज करता आला असता. बँकेतून स्वतः पाठवलेल्या पैशाला तो मार्गच नाही.

आणि यंत्रणा! फ्लोरेन्सच्या चौकीत दोन तास चाळीस मिनिटं बसलो. इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. आम्ही अॅपवर बोलून दाखवलं, त्यांनी एक कागद टाइप केला, शिक्का मारला, प्रत दिली. आम्हाला वाटलं तक्रार झाली. भारतात आल्यावर तिथल्या एका वकिलाला तो कागद दाखवला तेव्हा कळलं की ती नुसती माहिती आहे, ‘क्वेरेला’ नाही. तिथल्या कायद्यात फसवणुकीचा साधा गुन्हा क्वेरेलाशिवाय चालत नाही, आणि क्वेरेलात ‘या माणसाला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी आहे’ असं स्पष्ट वाक्य लागतं. आमच्या कागदात ते एक वाक्य नव्हतं. कुणी विचारलंच नाही! मुदत प्रकार कळल्यापासून तीन महिने. वकिलाने नव्याने दाखल करायचे ३५० युरो सांगितले. तुमच्यावर अशी वेळ आली तर शिक्का पडण्याआधी ते वाक्य कागदात आहे का, हे बोट ठेवून विचारा.

इथे बँकेने सांगितलं, ओटीपी तुम्ही टाकला, व्यवहार तुमचाच. अनधिकृत व्यवहारासाठी ग्राहकाला असलेलं संरक्षण इथे लागत नाही, हे कायद्याने बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. पण समोरच्या बँकेला पैसे परत मागणारा स्विफ्ट संदेश पाठवायला अकरा दिवस का लागले? एमटी १०३ ची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या मूळ स्विफ्ट संदेशाची प्रत मागितली तर काउंटरवर ‘ते काय असतं’ असा प्रश्न आला. शेवटी म्हणाले, आधी एफआयआर आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी ऐकवलं, ‘गुन्हा इटलीत घडलाय, तिकडेच जा. एवढी शिकलेली माणसं तुम्ही.’ सासरे साठी ओलांडलेले, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढले नाहीत, ते खाली मान घालून बसले होते. ते मी विसरणार नाही.

आणि ते उत्तर चूकच होतं. फसवणूक मेसेजमधून झाली असेल तर संदेश जिथे मिळाला तिथेही चौकशी होऊ शकते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२. हद्द नसली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, कलम १७३. नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येतं, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे कागदावर लिहून घेऊन जा. आम्हाला शेवटी अर्ज मिळाल्याचा एक शिक्का मिळाला, बस. पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमचे जाऊन चाळीस दिवस झाले होते.

गाईड निवडताना बिल्ल्याचा स्पष्ट फोटो मागा, क्रमांक वाचता येईल असा. त्यावर ‘ग्विदा तुरिस्तिका’ लिहिलेलं हवं. ‘अक्कोंपान्यातोरे’ असेल तर तो सहलीसोबत फिरणारा व्यवस्थापक, संग्रहालयात समजावून सांगायचा परवाना त्याला नसतो. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय यादी आली आहे. नाव त्यात शोधा. तिकिटं गाईडकडून घेऊच नका, स्वतः अधिकृत साइटवर काढा आणि त्याला फक्त त्याचे तासाचे पैसे द्या. साइटवर नसतील तर दुसरा दिवस बघा. उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही फुकट, त्यामुळे त्या दिवसाचं ‘तिकीट’ कुणी विकत असेल तर काय समजायचं ते समजा.

ज्या ग्रुपवर त्याचा नंबर आला तिथे मी हे सगळं लिहिलं. दोघांनी सांगितलं की त्यांच्याबाबतीतही हेच झालं होतं, पण लाजेपोटी ते गप्प राहिले. गेल्या आठवड्यात तोच फोटो नव्या नावाने पुन्हा दिसला. या वेळी शहर व्हेनिस आणि तिकिटं माणशी ८५ युरो.